राज्य विरुद्ध मीना चांदवडकर

मी प्रिंटर बोलतोय. दचकू नका, कागद अडकलेला नाही. कागद अडकला की मी गप्प बसतो, नुसता लाल दिवा मिचकावतो, आणि बोलतात ती घरातली माणसं. ती तेव्हा काय बोलतात ते चारचौघांत सांगण्यासारखं नसतं.

दोहाच्या बिन महमूद भागात गायधनी कुटुंबाचा फ्लॅट आहे. त्याच्या हॉलमध्ये, देव्हाऱ्याला लागून ठेवलेल्या टेबलावर माझा मुक्काम असतो. छपाई, स्कॅन आणि झेरॉक्स अशी तिन्ही कामं करणाऱ्या जातीतला मी. माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते माझ्या पोटाखालच्या स्टिकरवर लिहिलेलं आहे म्हणे, पण मला उलटं करून ते कुणी कधी वाचून दाखवलेलं नाही. मला आठवतं ते एकदम दुकानातल्या सेलपासूनचं. माझ्यासारख्याच खोक्यांची रास होती आणि तिच्यातून राजाभाऊ गायधनींनी मला ओढून काढलं.

"हा घेऊ. आपल्या ईश्वरीचे शाळेचे प्रोजेक्ट घरच्या घरी निघतील," ते म्हणाले.

"आधी याची शाई कुठे मिळते ते विचारा," नीताताई म्हणाल्या. "म्हैस घेण्याआधी चारा बघावा."

त्या एका वाक्यावरून घरात कुणाचं चालतं ते मला कळलं. म्हणजे, कळलं असं मला तेव्हा वाटलं होतं.

चारा अल मन्सूराच्या बाजारात मिळाला. राजाभाऊ तिथे कढीपत्ता आणि हिरव्या मिरच्या आणायला जात, त्याच पिशवीतून माझी शाई येई. अजूनही येते. त्यामुळे माझ्या पहिल्या दोन-तीन पानांना मिरचीचा वास असतो, अशी ईश्वरीची तक्रार असे. तिचे ज्वालामुखी मी छापले, तिचे डायनॉसोर छापले, राजाभाऊंच्या गॅस प्लांटचे जाडजूड रिपोर्ट छापले, दोहातल्या मराठी मंडळाच्या गणपतीत आरत्यांची पानं छापली. वाळूचं वारं सुटलं की खिडकीच्या फटीतून बारीक धूळ येऊन माझ्या रोलरवर बसते, आणि मग "सुखकर्ता"वर एक करडा पट्टा उमटतो. देव ते चालवून घेतो, भैरवीताई घेत नाहीत. भैरवीताई मंडळाच्या सेक्रेटरी आहेत.

माणसांबद्दल माझं एक निरीक्षण आहे. पान लगेच बाहेर आलं नाही की ती बटण पुन्हा दाबतात, मग पुन्हा. आणि एकदम तीन पानं आली की माझ्याकडे असं बघतात, जसं काही मीच आगाऊपणा केला.

ईश्वरी शिकायला अमेरिकेला गेली आणि मला जरा विश्रांती मिळाली. तिच्या पदवीदान समारंभाला राजाभाऊ एकटेच गेले. नीताताईंचा गुडघा दुखत होता. मी तो गुडघा रोज बघत होतो. तो चांगला चालत होता, शिडीवर चढून पंखेसुद्धा पुसत होता. समारंभाच्या दिवशी नीताताई फोनवर तो समारंभ बघत याच टेबलाशी बसल्या होत्या. ईश्वरीचं नाव पुकारलं तेव्हा त्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि मग पदराने चष्मा पुसत बराच वेळ बसून राहिल्या. पुढे ईश्वरीचं गंधारशी लग्न झालं, ते नाशिकला. तेव्हा गुडघ्याचं नावही कुणी काढलं नाही.

मग ईश्वरीला दिवस गेले.

"आई, you are coming, right?" ती फोनवर म्हणाली. आईचं मराठी तिला सगळं कळतं, उत्तर मात्र इंग्रजीत येतं.

"येणार," नीताताई म्हणाल्या. "पहिलं बाळंतपण आईनेच करायचं असतं. इकडचं जग तिकडे झालं तरी येणार."

राजाभाऊ सोफ्यावर बसले होते. त्यांनी पेपरातून डोकं वर काढलं आणि पुन्हा खाली घातलं.

सुट्टीच्या दिवशी सकाळी दोघं लॅपटॉप घेऊन माझ्या शेजारी बसले आणि व्हिसाचा अर्ज भरू लागले. नाव, जन्मतारीख, पासपोर्ट, सगळं भराभर झालं. मग एक प्रश्न आला आणि राजाभाऊंची बोटं थांबली. तुम्हाला जगात कुठेही, कधीही अटक झाली होती का, असा तो प्रश्न होता. खाली हो आणि नाही, असे दोन गोल होते.

"नाही," राजाभाऊ म्हणाले आणि त्यांनी माउस हलवला.

नीताताईंनी त्यांच्या हातावर हात ठेवला.

त्या सकाळी दोघांचं जे बोलणं झालं, त्यातून मला सगळी हकिगत समजली. नीताताई मूळच्या नाशिकच्या मीना चांदवडकर. बावीस-तेवीस वर्षांच्या असताना त्या शिष्यवृत्ती मिळवून सूक्ष्मजीवशास्त्र शिकायला अमेरिकेला गेल्या होत्या. विद्यापीठाची एक प्रयोगशाळा गावाबाहेर होती. तिथला एक महागडा मायक्रोस्कोप नाहीसा झाला. किल्ल्या तिघांकडे होत्या, त्यातली एक मीनाकडे होती, आणि शेवटची सही तिची होती. पोलीस आले. वस्तू महाग म्हणून गुन्हा साधा नाही, फेलनी लागली. आपल्याकडे ज्याला गंभीर गुन्हा म्हणतात तसलं ते प्रकरण. एक रात्र ती कोठडीत होती. मग तिच्या प्राध्यापिकेने जामीन दिला आणि तिला आपल्या घरी नेऊन ठेवलं. सरकारने एक वकील दिला. तो फार कामात असे.

मीनाचे वडील देवीदासराव फोनवर एवढंच म्हणाले, "असशील तशी निघून ये." ती निघून आली. डिग्री राहिली ती राहिलीच. काही महिन्यांनी कुणाच्या तरी हाती वकिलाचा निरोप आला की सगळं मिटलं, काळजी करू नका. मिटलं म्हणजे काय, कसं, कागद कुठे आहे, हे देवीदासरावांनी विचारलं नाही. आपल्याकडे संकट टळलं की माणसं नारळ फोडतात, पावती मागत नाहीत.

राजाभाऊंना हे लग्नाआधीपासून माहीत होतं. दुसऱ्याच भेटीत तिने त्यांना सांगितलं होतं. त्यांनी ऐकून घेतलं, समोरची कॉफी संपवली आणि म्हणाले, "असू दे." त्यांनी ते स्वतःच्या आईलासुद्धा कधी सांगितलं नाही. लग्नात मुलीचं नाव बदलायची वेळ आली, तांदळाचं ताट पुढे आलं, तेव्हा त्यांनी अंगठीने त्या तांदळात "नीता" असं लिहिलं. नव्या नावाचा नवा पासपोर्ट निघाला. मीना त्या तांदळाखाली गेली आणि देवीदासरावांना रात्रीची झोप लागू लागली. राजाभाऊंचा हेतू चांगला होता, हे मी प्रिंटर असूनही सांगू शकतो.

"जिला अटक झाली ती मीना," ते आता म्हणत होते. "या पासपोर्टवर मीना कुठे आहे? थांब, तुला दाखवतोच."

त्यांनी इंटरनेटवर एक कंपनी शोधली. नाव टाका, अमेरिकेतला कुणाचाही गुन्ह्यांचा इतिहास चुटकीसरशी मिळवा, अशी तिची जाहिरात होती. त्यांनी "नीता गायधनी" टाकलं, कार्डाचा नंबर दिला, आणि मला छापायला सांगितलं. मी छापलं. काहीही आढळलं नाही, असं त्या पानावर ठळक अक्षरांत होतं.

राजाभाऊ इतके खूश झाले की त्यांनी ते पान देवापुढे ठेवलं. "बघ. काही नाही. खलास. झाकली मूठ सव्वा लाखाची."

"मूठ माझी आहे," नीताताई म्हणाल्या. "झाकून झाकून बोटं आखडलीत माझी."

"अगं पण..."

"त्यांनी नीता गायधनीला शोधलं. तिच्याकडे काय सापडणार? तिने तर अमेरिका पाहिलीसुद्धा नाही."

राजाभाऊंनी माउस सोडला. मग त्यांच्या मनात जे खरं भय होतं ते बाहेर आलं. "तू तारीख चुकवून आली होतीस. मिटलं नसलं तर? वॉरंट निघालेलं असलं तर? विमानातून उतरल्या उतरल्या तुला धरून नेतील."

"मग ते मला इथे कळू दे. तिथे ईश्वरीसमोर कळण्यापेक्षा इथे कळलेलं बरं." त्यांनी लॅपटॉप आपल्याकडे ओढला. "तिच्या डिग्रीला मी गेले नाही. या प्रश्नाच्या भीतीने गेले नाही, तुम्हालाही माहितीये आणि मलाही. आता मी खोटं लिहून जाणार नाही आणि घरीही बसणार नाही. मला त्या खटल्याचा कागद हवा आहे. शेवटचं पान. काय निकाल लागला ते."

त्या दिवसापासून टेबल नीताताईंचं झालं. सकाळी पोळ्या झाल्या की त्या पदर खोचून माझ्याशेजारी बसत. त्यांनी आधी एक गोष्ट समजून घेतली. अमेरिकेत असे खटले एका मोठ्या दफ्तरात ठेवलेले नसतात. प्रत्येक राज्याचे तुकडे असतात, त्यांना काउंटी म्हणतात, आपल्या जिल्ह्यासारख्या, आणि गंभीर गुन्ह्याचा कागद त्या त्या काउंटीच्या कोर्टात क्लार्कच्या ताब्यात असतो. त्यांनी विद्यापीठाच्या गावाची काउंटी शोधली, तिच्या कोर्टाची वेबसाइट उघडली आणि शोधायच्या चौकटीत आपलं जुनं नाव टाकलं. ते टाईप करताना त्यांना दोनदा खोडावं लागलं. इतक्या वर्षांत ते नाव त्यांच्या बोटांनी लिहिलंच नव्हतं.

काही सापडलं नाही.

"आता तरी पटलं?" राजाभाऊ म्हणाले. "त्यांनी फाडून टाकलं असेल."

"कोर्ट फाडत नाही."

नीताताईंनी त्या भागाचा नकाशा माझ्याकडून छापून घेतला. माझी निळी शाई संपत आली होती, त्यामुळे नकाशात नदी फिकट आली, पण आली. त्यांनी चष्मा लावून त्या नदीवर बोट ठेवलं. त्या राहत होत्या ते वसतिगृह, वाचनालय, प्राध्यापिकेचं घर, सगळं अलीकडे होतं. प्रयोगशाळा मात्र पुलाच्या पलीकडे होती. रोज सायकलवरून त्या तो पूल ओलांडायच्या.

"मी राहत होते ती काउंटी शोधतेय मी," त्या स्वतःशीच म्हणाल्या. "पण चोरी जिथे झाली तिथे खटला चालणार ना. नदीपलीकडे दुसरी काउंटी आहे."

पलीकडच्या काउंटीच्या वेबसाइटवर लिहिलं होतं की जुने खटले कॉम्प्युटरवर चढवलेले नाहीत, ते फोटो काढून फिल्मवर ठेवलेले आहेत, त्यांच्यासाठी क्लार्कच्या ऑफिसला फोन करावा किंवा लिहून मागावं. आमच्याकडे चहाची वेळ होते तेव्हा तिथलं ऑफिस उघडतं. नीताताईंनी चहा केला, तो प्यायल्या नाहीत, आणि फोन लावला. राजाभाऊंनी दाराला कडी घातली. कशासाठी घातली, ते त्यांनाच माहीत.

फोन एका बाईंनी उचलला. त्यांनी नाव विचारलं, जन्मतारीख विचारली, साधारण कुठलं वर्ष ते विचारलं.

"मीना," नीताताई म्हणाल्या. "मीना देवीदास चांदवडकर." मग त्यांनी एकेक अक्षर सुटं करून सांगितलं.

फोनमध्ये संगीत वाजू लागलं. फार वेळ वाजलं. राजाभाऊ उभेच होते. मग बाई परत आल्या आणि म्हणाल्या की हो, या नावाची एक फेलनी केस नोंदवहीत आहे, नंबर लिहून घ्या.

नीताताईंनी नंबर लिहून घेतला. राजाभाऊ खुर्चीत बसले.

"निकाल काय लागला?" नीताताईंनी विचारलं.

ते इथून दिसत नाही, बाई म्हणाल्या. नोंदवहीत फक्त नाव आणि नंबर असतो. फिल्म गोदामातून आणावी लागेल. व्हिसासाठी हवं असेल तर शेवटच्या आदेशाची प्रमाणित प्रत मागा, मोहोर लावलेली. साधी झेरॉक्स चालणार नाही. हे ऐकून मला जरा लागलं, पण असो.

"माझं नाव आता बदललंय," नीताताई म्हणाल्या. "ती मीच आहे हे मी तुम्हाला कसं सिद्ध करू? लग्नाचा दाखला पाठवू का?"

"You don't have to prove anything, ma'am," बाई अगदी सहज म्हणाल्या. "It's a public record. Anybody can ask for it."

कुणीही मागू शकतं. फोन ठेवल्यावर नीताताई ते वाक्य दोन-तीनदा पुटपुटल्या. मग त्या हसायला लागल्या, आणि हसता हसता त्यांच्या डोळ्यांना धार लागली. "ऐकलंत का? कुणीही मागू शकत होतं. इतकी वर्षं मी दाराला कुलूप लावून राखण करत बसले होते, आणि त्या घराला मागची भिंतच नव्हती."

राजाभाऊंनी उठून दाराची कडी काढली.

आता एक अडचण उरली. त्या ऑफिसला परदेशातलं कार्ड चालत नव्हतं. अमेरिकेतली मनीऑर्डर हवी होती, लेखी मागणी हवी होती, आणि सोबत परतीचा पत्ता लिहिलेलं तिथलंच पाकीट. म्हणजे हे काम अमेरिकेत राहणाऱ्या माणसाशिवाय होणार नव्हतं, आणि नीताताईंचं अमेरिकेत एकच माणूस होतं.

"तिला या दिवसांत हे सांगायचं?" राजाभाऊ म्हणाले. "माझ्या ऑफिसातल्या कुणाचा तरी भाऊ असेल तिथे..."

"माझी केस मी परक्याला सांगू आणि लेकीपासून लपवू?"

मागणीचा अर्ज मी छापला. तो ट्रेमध्ये पडायला आणि भैरवीताई आरत्यांची पानं न्यायला यायला एकच गाठ पडली. माणसांची आणखी एक सवय सांगतो. ट्रेमधला कागद दुसऱ्याचा आहे हे माहीत असूनही ती तो वाचतातच. भैरवीताईंनी वाचला.

"हे काय गं नीता? कोर्ट?"

राजाभाऊ स्वयंपाकघरातून घाईने बाहेर आले. तोंडात एखादी थाप तयार असावी. पण नीताताई आधी बोलल्या.

"माझ्यावर केस झाली होती तिथे, शिकत असताना. चोरीची. मी चोरी केली नव्हती. निकालाचा कागद मागवतेय."

भैरवीताईंनी एकदा कागदाकडे पाहिलं, एकदा नीताताईंकडे. मंडळात त्या एका दमात तीन ठराव पास करतात, पण आता त्यांनी कागद हळूच परत ट्रेमध्ये ठेवला. "अगंबाई," त्या शेवटी म्हणाल्या. "मिळेल ना पण लवकर?" आणि थोडं थांबून, "आरत्या दोन्ही बाजूंनी छापल्यास ना? कागद वाचतो."

त्या गेल्यावर राजाभाऊ म्हणाले, "उद्या सगळ्या दोहाला कळेल."

"कळू दे. तिने कुणाला सांगितलं तर मला पुन्हा सांगायचे कष्ट नाहीत."

त्याच संध्याकाळी ईश्वरीला फोन झाला. नीताताईंनी प्रस्तावना केली नाही. एका श्वासात सगळं सांगितलं.

"You were arrested?" ईश्वरीने विचारलं. "Like, handcuffs?"

"हो. हातकड्या."

"आणि म्हणून तू माझ्या graduationला नाही आलीस?"

"हो."

राजाभाऊ देव्हाऱ्याकडे बघत होते. मग ईश्वरीचा आवाज आला, जरा जाड झालेला. "Okay. केसचा नंबर पाठव. आणि फॉर्म स्कॅन कर. I'll mail it tomorrow."

मी स्कॅन केलं. माझ्या आयुष्यात मी इतक्या काळजीने काच कधी उजळली नसेल.

मग वाट बघणं आलं. राजाभाऊंना जेवण जाईना. नीताताईंनी मात्र डिंक तळायला घेतला. "अजून बाजारात तुरी आहेत," ते म्हणाले, "आणि तुझे लाडू सुरू."

"तुरी बाजारात असोत नाहीतर शेतात. पोरीचे दिवस थांबणार नाहीत. वळून ठेवते."

कुरियर आला तो शुक्रवारी. ईश्वरीने कोर्टाचं पाकीट दुसऱ्या मोठ्या पाकिटात घालून जसंच्या तसं पाठवलं होतं. ते तिने फोडलं नव्हतं. ते आधी आईने वाचायचं, असं तिने कळवलं होतं. पण नीताताईंना ते फोडवेना. इतके दिवस खंबीर राहिलेली बाई, आता हात पदराला पुसत राहिली.

"तुम्ही वाचा," त्या म्हणाल्या. "मोठ्याने वाचा."

राजाभाऊंनी पाकीट फोडलं. चष्मा लावला. घसा खाकरला. "राज्य विरुद्ध," त्यांनी वाचलं, आणि ते अडले. लग्नानंतर एकदाही ते पूर्ण नाव त्यांच्या तोंडून निघालं नव्हतं. त्यांनी पुन्हा सुरुवात केली. "राज्य विरुद्ध मीना देवीदास चांदवडकर."

"ओ," नीताताई म्हणाल्या.

वर्गात हजेरी घेताना मूल देतं तशी त्यांनी ओ दिली. राजाभाऊंनी कागद खाली केला. मीही माझा पंखा थांबवला.

पुढे इंग्रजी कायद्याची भाषा होती, पण अर्थ सरळ होता. तो मायक्रोस्कोप चोरीला गेलाच नव्हता. दुसऱ्या विभागाने आपल्या नावावर तो दुरुस्तीला पाठवला होता आणि तो दुरुस्तीच्या दुकानात सापडला होता. सरकारी वकिलांनी स्वतःच खटला मागे घेतला होता. न्यायाधीशांनी तो काढून टाकला होता. गुन्हा नाही, शिक्षा नाही, वॉरंट नाही. खाली मोहोर होती, कागदातून वर आलेली.

"तारीख बघू," नीताताई म्हणाल्या आणि त्यांनी कागद हातात घेतला.

तारीख त्यांनी खूप वेळ बघितली. त्या विमानात बसल्या त्याच्या आधीची ती होती. निकालाची सूचना वसतिगृहाच्या पत्त्यावर गेली होती आणि त्या तेव्हा प्राध्यापिकेच्या घरी राहत होत्या. त्या मोकळ्या झालेल्या होत्या. परत येण्याची गरजच नव्हती.

"माझी डिग्री," त्या म्हणाल्या. आवाजात रडू नव्हतं, राग होता, आणि तो इतका खरा होता की हॉल लहान वाटायला लागला. "फक्त प्रबंध राहिला होता माझा. मी पळून आले असं मला आयुष्यभर वाटत राहिलं. मला जायचं नव्हतं हो. एका माणसाने विचारलं असतं, निकाल काय झाला, कागद दाखवा. बाबांनी नाही विचारलं. मीही नाही विचारलं."

राजाभाऊंचा चेहरा उतरला होता. "मी ते नाव बदललं नसतं तर कदाचित..."

"तुम्ही पांघरूण घातलंत माझ्यावर. तेव्हा थंडी होती, मला हवं होतं ते. आता नकोय."

"मग आता मी तुला काय म्हणू?"

"नीताच म्हणा. सवय झालीय." त्यांनी लॅपटॉप उघडला. "पण फॉर्ममध्ये आधीच्या नावासाठी रकाना आहे. तिथे मीना लिहायचं."

अटकेच्या प्रश्नाखाली त्यांनी स्वतः "हो"वर टिचकी मारली. मी त्या आदेशाच्या प्रती काढल्या. अक्षर न् अक्षर आलं, पण ती वर आलेली मोहोर काही माझ्या काचेला पकडता आली नाही, तिथे नुसती करडी सावली पडली. म्हणून मूळ कागदच बरोबर न्यायचा असतो, हे मलाही तेव्हा समजलं.

मुलाखतीहून त्या परत आल्या तेव्हा राजाभाऊ दारातच उभे होते. अधिकाऱ्याने कागद वाचला, मोहोरेवरून बोट फिरवलं, नाव का बदललं ते विचारलं. नीताताईंनी तांदळाच्या ताटाची चाल समजावून सांगितली. ती ऐकून तो म्हणे खुर्चीत पुढे सरकून बसला. पासपोर्ट ठेवून घेतला, आणि व्हिसा लागला.

आता माझं थोडं. माझ्या रोलरचं रबर झिजलंय, पिवळी शाई कायमची रुसलीय, आणि राजाभाऊ हल्ली फोनवर नवे प्रिंटर बघत असतात. ती लपवण्यासारखी गोष्ट नाही, मला स्क्रीन दिसते. प्रिंटरच्या जातीत माझं वय म्हणजे सहस्रचंद्रदर्शन झालेलं वय. जायची वेळ आली तर मी कुरकुर करणार नाही, किंवा करेन तर नेहमीइतकीच करेन. पण जाण्याआधी तुम्हाला एक सांगून ठेवतो. तुमच्याही घरात कुणाचं तरी असं काहीतरी "मिटलेलं" असेल. मिटलं म्हणजे काय, ते विचारा. गोष्ट जिथे घडली त्या जिल्ह्यात विचारा, राहत होतात तिथे नाही. जुनं नाव सांगायला लाजू नका, आणि कागद मोहोरेचाच मागा. आणि पान लवकर आलं नाही तर कृपा करून बटण एकदाच दाबा.

नीताताई अमेरिकेला निघाल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी राजाभाऊ सकाळपासून या टेबलाशी बसून होते. शेजारी फोन, समोर गार झालेला चहा. फोन वाजला तेव्हा त्यांनी तो स्पीकरवर टाकला. मागे विमानतळाचा कल्ला ऐकू येत होता, आणि ईश्वरी कुठूनतरी "आई, इकडे, this side," असं ओरडत होती.

"पोचले," नीताताई म्हणाल्या. "बाहेर आले. लाडूही आले सगळे."

"काही विचारलं का त्यांनी?"

"विचारलं. आधी कधी अमेरिकेत आला होतात का म्हणून."

राजाभाऊंनी टेबलाची कड धरली. "मग? काय सांगितलंस?"

"सांगितलं, हो," नीताताई म्हणाल्या. "शिकायला आले होते."